मेमबाईंचे बेकन

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी वर्गात कुणाचेच व्याकरणात लक्ष नसते. अशा वेळी मी पुस्तक मिटून ठेवते आणि मुलांना विचारते, 'कुरकुरीत, खुसखुशीत, खमंग आणि खरपूस या चार शब्दांत फरक काय?' मग वर्ग जागा होतो. चकली कुरकुरीत, शंकरपाळे खुसखुशीत, चिवडा खमंग, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. 'खरपूस'पाशी मात्र वाद सुरू होतो. कुणी भाकरीचे नाव घेते, कुणी भाजलेल्या वांग्याचे, कुणी आजीच्या हातच्या बेसनाच्या लाडवाचे. एका मुलाने एकदा उभे राहून सांगितले, 'खरपूस म्हणजे करपायच्या आधी एक मिनिट.' मला ती व्याख्या इतकी पटली की मी ती फळ्यावर लिहून ठेवली आणि तास संपेपर्यंत पुसली नाही.

हे एक मिनिट ओळखता येणे म्हणजे निम्मा स्वयंपाक येणे. आमच्याकडच्या बायका ते चकलीवर शिकतात, शेवेवर शिकतात, गुलाबी झालेल्या अनारशावर शिकतात. मी मात्र गेल्या वर्षभरात ते बेकनवर शिकत आहे. फराळाच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. त्यांनी पान उलटायला हरकत नाही. पण आमच्या घरी ती आठी कोणकोणत्या कपाळांवर पडली आणि पुढे तिचे काय झाले, हे सांगण्यासारखे आहे असे मला वाटते.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस. ते मिठात मुरवतात, बहुधा लाकडाच्या धुरावर धरतात आणि मग त्याच्या पातळ पट्ट्या कापतात. मुरवणात मिठाबरोबर नायट्राइट नावाचा क्षार असतो. मांस शिजल्यावरही गुलाबी दिसते ते त्याच्यामुळे. मांसाचा एक पट्टा, चरबीचा एक पट्टा, पुन्हा मांसाचा. आमच्या भागात पूर्वी विणत त्या लुगड्याच्या काठासारखे ते दिसते. ही उपमा मला सुचली नाही, माझ्या सासूबाईंना सुचली. त्या कोष्ट्याच्या घरच्या आहेत. लहानपणी त्यांनी मागावर कांड्या भरल्या आहेत, त्यामुळे पट्टा दिसला की त्यांना काठ आठवतो.

आमचे घर कडबी चौकाच्या अलीकडे आहे. तिथून मोतीबागेची रेल्वे वसाहत पायी दहा मिनिटांवर. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत आणि त्यांत बारा वर्षांपासून एक अँग्लो-इंडियन बाई भाड्याने राहतात. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणते. सासूबाई तेवढ्या 'मेमबाई' म्हणतात. आंटींचे यजमान रेल्वेत गार्ड होते, वडील इंजिनड्रायव्हर होते आणि आजोबाही रेल्वेतच होते. मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. आंटींचे वय आता ऐंशीच्या घरात आहे, पण फ्रॉक इस्त्रीचा असतो, आणि रविवारी प्रार्थनेला जाताना केस वेणीत बांधलेले नसून पिनांनी बसवलेले असतात. बोलणे नागपुरी हिंदीत, मधूनच फक्कड मराठीत.

नागपुरात अशी माणसे कशी आली, हे आता शाळेतल्या मुलांना सांगावे लागते. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. त्यानंतर चारच वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रजांनी इथून जवळच कामठीला छावणी वसवली. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली, आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. छावणीने गोरे शिपाई आणले, रेल्वेने ड्रायव्हर, गार्ड आणि फोरमन आणले. त्यांतले कित्येक ना धड इंग्लंडचे होते ना धड इथले. पण इंजिन चालवायचे तर तेच, असा तो काळ होता. त्यांच्या वसाहतींतून पियानो होते, नाताळचे केक होते आणि रविवारच्या न्याहारीला अंड्यांबरोबर बेकन होते. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ कुटुंबे इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला निघून गेली. जी राहिली त्यांच्यासाठी घटनेत लोकसभेच्या दोन नियुक्त जागा ठेवल्या होत्या. त्या २०२० च्या जानेवारीत बंद झाल्या. ती बातमी आंटींनी वर्तमानपत्रातून कापली आणि यजमानांच्या शिट्टीबरोबर आणि हिरव्या झेंडीबरोबर डब्यात ठेवली. रागावल्या का, म्हणून मी विचारले. म्हणाल्या, 'गुस्सा किस पे? लेकिन हिसाब तो रखना चाहिए.'

आंटींचे वडील बंगाल-नागपूर रेल्वेवर असताना इंजिनातच न्याहारी करीत. कोळशाचे फावडे गरम पाण्याने धुवायचे, त्यावर बेकनच्या पट्ट्या मांडायच्या आणि भट्टीच्या तोंडाशी धरायच्या. इंग्लंडातल्या इंजिनवाल्यांची ही रीत तर प्रसिद्धच आहे. आंटी म्हणतात की त्या बेकनची चव पुढे कशालाच आली नाही. मला वाटते त्यात वडिलांच्या चवीचा भाग जास्त असावा. पण एक खरे, भट्टीत आच खालून एकाच जागी लागत नाही. ती चहूकडून येते. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात आंटींचा हात भाजला. तव्यावर बेकन तळताना चरबीचा थेंब उडाला, त्या दचकल्या आणि तवाच कलंडला. जखम फार मोठी नव्हती, पण त्या वयात ती भरायला महिना लागला. पर्थहून मुलाचा फोन आला की आता गॅसवर तळणे बंद. आंटींनी त्याचे ऐकले. दोन रविवार त्यांनी पावाला नुसते लोणी लावून खाल्ले. तिसऱ्या रविवारी त्या माझ्याकडे आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत न येता म्हणाल्या, 'टीचर, तुम्हारे पास वो ओव्हन है ना?'

ओव्हन होता. मुलीच्या केकच्या हौसेपायी घेतलेला, विजेचा, मोठ्या रेडिओएवढा. चार केक आणि एक करपलेली नानकटाई झाल्यावर मुलीची हौस ओसरली होती आणि त्यावर आता पापडांचा डबा ठेवला जात असे. नाही म्हणायला कारण नव्हते. पण हो म्हणणेही एकटीच्या हातात नव्हते, कारण घर सासूबाईंचे आहे.

आमच्या घरी मांस वर्ज्य नाही, हे इथे सांगायला हवे. उलट रविवारी आमच्या गल्लीतून जाणाऱ्याला आमचे घर नाकाने ओळखता येते. नागपूरचा जो सावजी रस्सा आता पाट्या लावून विकला जातो, तो मूळचा विणकरांच्या घरचा. भाजलेले खोबरे, खसखस, दगडफूल, काळी मिरी, ज्वारीच्या पिठाचा हात आणि वर तर्री. सासूबाई अजून जवसाच्या तेलाची आठवण काढतात. म्हणजे बोकड चालतो, कोंबडी चालते, पण डुक्कर? नागपूरच्या नाल्यांच्या काठी फिरणारे ते जनावर डोळ्यांपुढे आले की भल्याभल्या मांसाहाऱ्यांचा घास अडतो. प्रत्येक घराने कुठेतरी एक रेघ ओढलेली असते. आपली रेघ धर्माची आणि शेजाऱ्याची रेघ खुळेपणाची, असे प्रत्येकाला वाटत असते, एवढेच.

मी सासूबाईंना विचारले. त्या तांदूळ निवडीत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'तिचा हात कसा हाये आता?'

मी म्हटले, 'खपली धरली आहे.'

'मंग ते यंत्र सपरीत ठेव. घरात नको.'

सपरी म्हणजे आमच्याकडची पुढची किंवा मागची पडवी. मला आधी वाटले हा नकारच आहे, जरा सभ्यपणे दिलेला. मग त्यांनी आपण होऊन सांगितले. त्या नव्या सून म्हणून या घरी आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई माळकरी होत्या. पुरुषांना मटण लागे, म्हणून मागच्या सपरीत वेगळी चूल होती, वेगळे पातेले होते, वेगळी पळी होती. मटण शिजवून झाले की बाईने आंघोळ करून मगच घरात यायचे. 'मी वीस वर्सं बाहीर रांधलं,' सासूबाई म्हणाल्या. 'थंडीत, पावसात. मंग म्हातारी गेली अन् चूल आत आली.' एवढे बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की सपरीत ठेव म्हणजे त्यांच्या हिशेबी नाही नव्हे. या घराची जी रीत आहे त्या रीतीने ठेव, असा त्याचा अर्थ.

अशा रीतीने जानेवारीच्या एका रविवारी सपरीत, तुळशीपासून चांगले सहा हात दूर, लाकडी स्टुलावर ओव्हनची स्थापना झाली. सदरच्या दुकानातून गोठवलेले पाकीट आणले. आंटी वेताच्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या.

पहिली सूचना अशी की ओव्हन आधी तापवायचा नाही. मी केकच्या सवयीने बटण फिरवू लागले तर त्यांनी माझा हात धरला. पट्ट्या थंड ओव्हनमध्ये जायला हव्यात. ओव्हन हळूहळू तापतो, तशी चरबी आधी वितळू लागते आणि मांस नंतर आक्रसते. एकदम धगीत टाकले तर मांस आवळते, पट्टी वेडीवाकडी होते आणि चरबी आतल्या आत कच्ची राहते. तव्यावर तेच होते. तवा खालून भाजतो, पट्टीची कड वर उचलली जाते, उचललेला भाग तव्याला लागत नाही आणि टेकलेला करपतो. शिवाय वितळलेल्या चरबीत मांसातले पाणी उतरले की ते तडतडते आणि अंगावर येते. ओव्हनमध्ये उडाले तरी ते आतच उडते.

दुसरी सूचना ताटाची. ताट काठाचे हवे, कारण सुटलेली चरबी थोडीथोडकी नसते. ताटाला कागद लावायचा, वर जाळी ठेवायची, जाळीवर पट्ट्या एकमेकींना न चिकटता मांडायच्या. जाळी नसली तरी चालते. मग पट्ट्या आपल्याच चरबीत तळल्या जातात आणि अधिक कुरकुरीत होतात असे म्हणणारेही आहेत. आंटी जाळीच्या पक्षाच्या आहेत. मी दोन्ही करून पाहिले. जाळीवरचे कोरडे होते, ताटावरचे जास्त चमकदार. ताट मधल्या कप्प्यात, कारण छोट्या ओव्हनमध्ये तारा फार जवळ असतात. मीठ घालायचे नाही, ते आधीच भरपूर असते. दोनशे अंशांवर काटा आणि पंधरा ते वीस मिनिटे. पातळ पट्टी असेल तर पंधरा, जाड असेल तर वीस.

पहिली दहा मिनिटे काहीच होत नाही. खरोखर काही होत नाही. पट्ट्या फिकट पडतात, केविलवाण्या दिसू लागतात. पाणी आहे तोवर रंग चढायचा नाही, कारण पाणी शंभर अंशांवर वाफ होऊन जाते आणि तोवर मांसाला त्याच्या फार पुढे जाऊ देत नाही. पाणी गेले की मग ऊन वाढते, प्रथिने आणि साखर यांचे जमते, आणि तो तांबूस रंग, तो वास येतो. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया १९१२ मध्ये प्रथम वर्णन केली, असे आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला सांगितले. चकलीला रंग येतो तोही त्याच वाटेने. मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल आणि आतून मऊ राहते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला थंड ओव्हनचे मर्म वेगळे शिकवायला नको.

शेवटची तीन-चार मिनिटे मात्र जागचे हलायचे नाही. काचेतून पाहत बसायचे. फेस बारीक होतो, तडतड कमी होते, कडा गूळ रंगाच्या होतात. आणि पूर्ण कुरकुरीत व्हायच्या आधीच बाहेर काढायचे, कारण बाहेर काढल्यावरही आतली ऊब आपले काम करीत राहते. ताटातून उचलताना पट्टी लवते. कागदावर दोन मिनिटे ठेवली की मोडते. माझ्या विद्यार्थ्याची ती व्याख्या मला इथे आठवते.

सासूबाई पहिल्या रविवारी आत बसल्या होत्या. दुसऱ्या रविवारी दारात. तिसऱ्या रविवारी त्या सपरीत पाट घेऊन बसल्या, तोंडाला पदर लावून, आणि काचेतून आत पाहू लागल्या. पाहता पाहता म्हणाल्या, 'हे तर रोडग्यावानी हाये.'

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, पदर घालून वळलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले. वर राख, खाली राख, मध्ये रोडगा. घाई केली की आत पीठ राहते. वांग्याच्या भाजीबरोबर आणि वरणाबरोबर ते खातात. शेतात, देवळापाशी, पाच-पन्नास माणसांच्या पंगतीत. आमच्याकडे ओव्हन नव्हता असे कोण म्हणेल? राखेचा ढीग हाच ओव्हन. उलट्या माठावर लांबच लांब रोटी टाकतात तीही तशीच युक्ती. कोकणात पोपटी लावतात, मडके उलटे करून भोवती जाळ करतात, तेही तेच. सासूबाईंनी मेमबाईंना रोडग्याची कृती सांगितली. मेमबाईंनी ती मान हलवीत ऐकली आणि मग म्हणाल्या की त्यांची आया मोतीबागेच्या क्वार्टरमागे हेच करीत असे आणि त्यांची आई ते खाऊ देत नसे. 'हमको चोरी से देती थी.' दोघी म्हाताऱ्या हसल्या. बारा वर्षे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून त्या एकमेकींशी पाणी आले का आणि दूधवाला आला का याखेरीज फारसे बोलल्या नव्हत्या.

मी बेकन खाल्ले. न खाता त्यावर लिहिणे बरे दिसले नसते. आधी मीठ लागते, मग धूर, मग मागून एक गोडसर चव येते, आणि दाताखाली ते काचेसारखे फुटते. मुलीला आवडले. तिच्या वडिलांनी 'ठीक आहे' असे म्हणून तीन पट्ट्या खाल्ल्या. सासूबाईंनी खाल्ले नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. फार खाण्याची ती वस्तूही नाही. मुरवलेल्या मांसाने कर्करोगाचा धोका वाढतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. आंटींना मी ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, रविवारी दोन पट्ट्या, आणि वय ऐंशी, 'अब कैन्सर को भी जल्दी करनी पड़ेगी.'

एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली आणि ती मला या सगळ्यांत मोलाची वाटते. आमच्या शाळेतले एक शिक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला रविवारी सकाळी घरी आले. पंधरा वर्षे आम्ही एका खोलीत डबे उघडून जेवत आलो आहोत. त्यांचा डबा नेहमी पोळी आणि बटाट्याची भाजी. मितभाषी माणूस. सपरीत पाऊल टाकले आणि ते थांबले. ओव्हनमध्ये शेवटची मिनिटे चालू होती. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मला वाटले वास सहन होत नाही, म्हणून मी खुर्ची दुसरीकडे सरकवू लागले.

'राहू द्या,' ते म्हणाले. 'आजीच्या चान्यांची आठवण झाली.'

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवलेल्या. वाळल्या की चामड्यासारख्या कडक होतात आणि मडक्यात महिनोन्‌महिने राहतात. काम नसलेल्या दिवसांत, पावसाळ्यात, एक पट्टी काढायची आणि निखाऱ्यावर भाजायची. चरबी निखाऱ्यावर पडून धूर होतो, पट्टी फुलते आणि कुरकुरीत होते. त्यांचे गाव यवतमाळकडचे. आजी गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत होती. शिकायला नागपूरला आल्यावर आईने बजावून सांगितले होते की डब्यात हे कधी न्यायचे नाही आणि याचे नावही कुणापाशी काढायचे नाही. ते हे सारे शांतपणे, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर ठेवून, सांगत होते. कोणत्या जनावराचे मांस हे त्यांनी सांगितले नाही.

सासूबाई पाटावर होत्या. त्यांनीही ते विचारले नाही. जरा वेळाने त्यांनी एवढेच विचारले, 'तुमची आजी कायवर भाजत होती? गोवरीवर का लाकडावर?'

'बाभळीच्या कोळशावर,' ते म्हणाले.

'बाभळीचा निखारा टिकते,' सासूबाई म्हणाल्या.

मग आंटींनी त्यांच्यापुढे बशी केली. दोन पट्ट्या आणि पावाचा तुकडा. त्यांनी खाल्ले, आणि चान्या याहून कडक असत, असे मत दिले. आंटींनी ते गंभीरपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी दोन मिनिटे जास्त ठेवू म्हणाल्या.

नंतर मी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ मध्ये निघालेले पुस्तक मिळवून वाचले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होते आणि कसे शिजत होते, ते त्यात पाककृतींसह आहे. पाकशास्त्राची इतकी पुस्तके माझ्या फडताळात आहेत. त्यांत पुरणपोळीच्या कृती मोजायला बोटे पुरत नाहीत, पण ही पाने कुठे नव्हती. मिठाने आणि उन्हाने मांस राखणे ही काही साहेबांची विद्या नाही. गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात आणि त्यात मिरची-व्हिनेगरची चोरिसे माळेसारखी टांगलेली असतात. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियनांची, ज्यांची घरची बोली मराठीच, लग्ने डुकराच्या मांसावाचून होत नाहीत. गरिबाने वाळवले तर ते लपवायचे आणि साहेबाने खारवले तर त्याला पाकिटात घालून काचेच्या कपाटात ठेवायचे, हा न्याय मला तरी कळत नाही. ते शिक्षक आता महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. डब्यात मात्र अजून पोळी आणि बटाट्याची भाजीच असते. मी त्याबद्दल काही बोलत नाही.

बेकनची सुटलेली चरबी आंटी टाकू देत नाहीत. मोरीत ओतली तर ती थिजून नळी बुजते, हे एक. आणि दुसरे, त्यात परतलेले बटाटे त्यांना फार आवडतात. चरबी गाळून स्टीलच्या वाटीत ठेवली की तासाभरात थिजते, आणि पांढरी, रवाळ, अगदी घट्ट तुपासारखी दिसते. म्हणून आंटींनी वाटीवर लाल दोरा बांधला आहे, घरात कुणी चुकून वरणावर वाढू नये म्हणून. हा दोरा सासूबाईंनी दिला. मागावरच्या जुन्या रिळाचा आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. आमच्या सपरीचे पत्रे दोन ठिकाणी गळतात. पहिल्याच सरीत स्टुलाखाली पाणी झाले, आणि विजेची वस्तू म्हणून मी ओव्हनवर प्लास्टिक घालायला धावले. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'भिजून राह्यलं ना ते. आत घे.'

मी विचारले, 'आत कुठे?'

'जिथं होतं तिथं. पापडाचा डबा उचल.'

तेव्हापासून ओव्हन स्वयंपाकघरात आहे. रविवारी साडेआठला आंटी येतात, आता आतल्या पाटावर बसतात, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत सासूबाई रश्श्याचे खोबरे भाजून घेतात. दोन्ही वास एकमेकांत मिसळतात आणि खिडकीतून गल्लीत जातात. लोक काय समजत असतील कोण जाणे. जाळी आणि काठाचे ताट मात्र अजून सपरीतच, खिळ्याला टांगलेले असते. ते मी बाहेरच्या नळावर धुते, तिथेच वाळवते आणि रविवारी आत आणते. त्याबद्दल सासूबाईंनी अजून काही सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.